सत्तावीस शिंपले

तानाबाईंनी उजव्या पायाचा अंगठा गाळात रोवला, जरा थांबल्या, आणि वाकून पाण्यातून एक मोठा शिंपला वर काढला. अर्पिताने तो फुटपट्टीने मोजून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवला. सकाळपासूनचा हा सत्ताविसावा.

खडकपूर्णा नदीच्या एका डोहाच्या कडेला दोघी तीन तासांपासून गुडघाभर पाण्यात होत्या. अर्पिता याच मुलखातल्या उंद्रीची. नद्यांचं पाणी जीव जगवू शकतं की नाही, हे तपासणाऱ्या एका संस्थेत तिची नोकरी. तानाबाई इथल्याच, सत्तरी ओलांडलेल्या. बाळाला गुटी पाजायला शिंपला लागतो, तो आसपासच्या चार गावांना आजवर त्यांनीच काढून दिलेला. अर्पिताने तळावर दोरीचे दहा चौकोन आखले होते आणि सापडतील तेवढे शिंपले काढून द्या, असं त्यांना सांगितलं होतं. तिच्या रबरी बुटांना गाळातलं काही कळत नव्हतं. तानाबाईंच्या अनवाणी पायांना सगळं कळत होतं.

शिंपल्याच्या पाठीवर दर वर्षाची एक रेघ उमटते. हातातल्या शिंपल्यावर अर्पिताने बोटाने रेघा मोजल्या, खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजल्या. एकोणीस. डोहाचं डबकं झालं ते उन्हाळे या जिवाने गाळात तोंड खुपसून काढले होते आणि पुरात दगड वाहून गेले तेव्हाही तो इथेच होता. तिचं यंत्र फक्त आजच्या पाण्यातला प्राणवायू सांगत होतं. इथे एकोणीस वर्षांचा हिशेब तिच्या तळहातावर मावला होता.

काठावर सरपंच शेषराव तिच्या वहीचं पान वाऱ्याने उडू नये म्हणून धरून बसले होते. सत्तावीस आकडा ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. वरच्या गावाचा सांडपाण्याचा नाला याच डोहात सोडायचा बेत होता, आणि इथे जीव जगत नाही असा शेरा आला की तो सोडायला कोणाची आडकाठी उरणार नव्हती. शेषराव उठून चहाचं विचारायला लागले. अर्पिता मात्र ट्रेकडे बघत राहिली. एकही शिंपला नऊ वर्षांपेक्षा लहान नव्हता.

मग तिने शेषरावांना समजावून सांगितलं. शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी उतरतात. मासे गेले की पिल्लं संपली. मोठे तेवढे जगत राहतात, पण त्यांच्यामागे कोणी नसतं. अहवालातल्या ‘नवी पिढी’ या रकान्यात शून्य भरलं की बाकीचे सत्तावीस जमेला धरत नाहीत.

शेषराव दगडावर बसले. पाण्याकडे बघत हळूच म्हणाले,

"एक लहानसा लिहून टाका ना मॅडम. कोण पाह्यले येते इथं?"

अर्पिताने मान हलवली. तिला त्यांचा राग आला नाही. खरं तर तिचाही हात त्या रकान्यापाशी दोनदा घुटमळला होता, आणि याचीच तिला लाज वाटत होती.

तानाबाई हे सगळं ऐकत एकेक शिंपला परत गाळात खोचत होत्या. शेवटचा खोचून त्यांनी विचारलं, लहान म्हणजे केवढा? अर्पिताने करंगळीचं नख दाखवलं.

"ते त हायेत," तानाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"इथंच. खाली."

"मंग काढले काऊन नाही, आजी?"

कामावर असताना अर्पिता पुस्तकी बोलायची. आता तिच्या तोंडून एकदम घरची बोली निघाली.

"लेकरं कोणी काढते का, माय? हाताले भरंल तेवढाच काढाचा. कवच बोटानं पिचकते त्यायचं. पायाले लागले का पाय उचलून घ्याचा. माह्या मायनं असंच शिकवलं मले."

अर्पिता काठावर गेली, बूट काढले आणि अनवाणी परत पाण्यात आली. पाणी गार होतं. आधी नुसता मऊ गाळ लागला. मग तळव्याखाली मसुरीएवढं काहीतरी टोचलं, आणि ते मिटलं. मिटताना त्वचेला जाणवलं. शेजारी आणखी एक मिटलं. मग टाचेपाशी तीन, बोटांच्या बेचक्यात दोन.

तानाबाई म्हणाल्या, पाह्यचं असंल त पाण्यातच पाह्य. अर्पिताने ट्रे पाण्याखाली धरून ओंजळभर गाळ त्यात हळूच पसरला. गाळ निवळत गेला तसे तांदळाच्या कणीपासून नखाएवढे शिंपले दिसू लागले. त्यांची कवचं इतकी पातळ होती की ऊन आरपार जात होतं. एकाच्या आत काहीतरी बारीकसं हलत होतं, थांबत होतं, हलत होतं. ते त्याचं काळीज होतं. अर्पिताचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही. म्हणजे मासेही होते. कोणाच्या जाळ्यात न आलेले मासे दर वर्षी ही लेकरं कल्ल्यांना लावून इथवर आणत होते.

तिने पिल्लं होती तिथेच सोडली आणि दोरीच्या चौकोनात हातांनी चाचपत मोजायला लागली. चाळिसाच्या पुढे गेल्यावर उभं राहायला म्हणून तिने पाय उचलला. तो खाली ठेवायला जागाच सापडेना. जिथे टेकवावा तिथे काहीतरी मिटत होतं. सकाळपासून दहाही चौकोन ती बूट घालून तुडवत होती.

"आजी, पाय कुठी ठेवू?"

"होता तिथीच ठेव. गाळ लय हाय, दबतेत अन् मंग वर येतेत." तानाबाईंनी तिचं कोपर धरलं. "पण दमानं ठेव."

काठावरून शेषरावांनी पेन उघडून विचारलं, किती लिहू? अर्पिताला ते ऐकू आलं. पण उचललेला पाय कुठे टेकवावा ते शोधत ती अजून एका पायावरच उभी होती.