मुखवटा झुगारला म्हणे!

मला नाक नाही, डोळे नाहीत, नुसती एक काळी काच आहे. तरी ऐका राव. साबेराच्या जुन्नरमधल्या शॉपमधला वेल्डिंगचा मास्क बोलतोय मी.

साबेरानं मला निवडलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "माप गड्याचं हाय, वहिनी." तिनं पट्टा आवळला आणि मी तिच्या डोक्यावर बसलो तो बसलोच. आणे गावापासून आहुपे गावापर्यंत धावणारी ट्रॅक्टरची प्रत्येक ट्रॉली आम्ही दोघांनी जोडलीय. बरं, थोडं वाढवून सांगितलं. पण ग्रहणाच्या दिवशी अख्खी आळी माझ्या काचेतून सूर्य बघून गेली आणि शेवटी सूर्यच लाजून ढगाआड गेला, हे मात्र अगदी खरं!

महिला दिनासाठी चॅनलवाले आले. मी ताठ झालो. म्हटलं, आज आपलाही फोटो येणार.

निवेदिका म्हणाली, "ताई, चेहरा दिसत नाहीये. हे काढा ना."

"न्हाई बाई, डोळं जातील."

"एकच शॉट! तुमच्याकडे बघून किती मुली घडतील!"

साबेरानं मला काढून हळूच बाकावर ठेवलं.

"ठेवू नका, फेका!" कॅमेऱ्यामागून आवाज आला.

तिनं फेकलं. त्यांच्या मनासारखं पडेना म्हणून पुन्हा फेकलं. पंख्यानं केस उडवले, उघड्या तोंडासमोर ठिणग्या उडाल्या. बातमीत म्हणाले, "मुखवटा झुगारून स्वतंत्र झालेली साबेरा!" म्हणजे इतकी वर्षं तिला जखडून ठेवलं होतं ते मीच! ट्रॉली कशी जोडतात, ते कुणी विचारलंच नाही.

चॅनलवाले परके. पण तू, साबेरा?

संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यागत ती कळवळत पडली. पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवत नवरा राजमहंमद म्हणाला, "रणरागिणी, चहाचा कप तरी दिसतोय का?"

सकाळी मशिन गुरगुरलं. तिची पोर रूही उघड्या चेहऱ्यानं वेल्डिंगचा होल्डर धरून उभी होती. साबेरा चाचपडत धावली.

"मास्क कुठाय गं?"

"अम्मी, तूच तर फेकलास! शाळेच्या ग्रुपवर सगळी म्हणत्यात, लई भारी दिसलीस."

साबेरानं हात लांबवून मशिन बंद केलं. मग गुडघ्यांवर बसून, मिटल्या डोळ्यांनी, जमीन चाचपत मला शोधलं. काचेवरचा तडा तिच्या बोटाला लागला.

आता नवी काच बसलीय. रूहीच्या डोक्यावर माझा पट्टा साबेरा स्वतः आवळते. पण व्हिडिओ अजून गावोगाव फिरतोय. तुमच्या पोरीनं तो पाहिला, तर तिला खालचा कोपरा दाखवा. तिथं मी उताणा पडलोय. तिला एवढंच सांगा, बाई शूर आहे खरी, पण रोज मला घालून.