तांदळाएवढी खोट

वासुदेव यशवंतपूरच्या एका कारखान्यात मीटर तपासायचा. दिवसाला दोनशे मीटरांवर 'बरोबर'चा शिक्का मारणारा माणूस. घरातल्या एका मीटरला खोटं बोलायला लावायला त्याला अर्धा तास पुरला, तो त्यामुळेच.

हा मीटर म्हणजे त्याच्या वडिलांच्या, आप्पाजींच्या, गाडीतला पेट्रोलचा काटा. गाडी पासष्ट सालची, काळी कुळकुळीत, चामराजपेटेतल्या गल्लीचा निम्मा रस्ता खाऊन उभी. आप्पाजी ब्याऐंशीचे. उजव्या डोळ्यानं त्यांना फारसं दिसत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मान्य नव्हतं ते त्यांनाच. आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी उभ्या रिक्षाचा आरसा उडवला आणि वर रिक्षावाल्यालाच विचारलं, "मध्ये कशाला आलास?"

'गाडी चालवू नका' एवढं बापाला सांगायची हिंमत छप्पन्न वर्षांच्या वासुदेवाकडे नव्हती. रेझिस्टर मात्र होता. विजेला अडवणारा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. टाकीकडून काट्याकडे जाणाऱ्या वायरीत त्यानं तो गुपचूप जोडला. टाकी भरलेली असली तरी काटा तळाशीच घुटमळू लागला.

आप्पाजींचा स्वभाव त्याला पाठ होता. एकदा होसकोटेच्या रस्त्यावर पेट्रोल संपलं आणि त्यांच्या नव्या नवरीला, गंगव्वाला, चार मैल चालावं लागलं. तेव्हापासून काटा खाली असला की गाडी दारातून हलत नसे. आता त्यांनी टाकीत वेताची काठी बुडवून पाहिली, ती वरपर्यंत ओली. "काठी खरी की काटा खरा, ते कळल्याशिवाय गाडी बाहेर नाही," त्यांनी जाहीर केलं. वासुदेवानं सुटकेचा निःश्वास सोडला.

पण आप्पाजींना गुन्हेगार लागतो. दसऱ्याच्या आधी टाकीतला फ्लोट, पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा तरंगता गोळा, कोणी बदलला? यल्लाप्पानं. चाळीस वर्षं या गाडीवर हात ठेवलेला मेकॅनिक. "यल्लाप्पाचा हात गेला," असं आप्पाजी किराणावाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. पलीकडच्या नागराजनं आपली जुनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. वासुदेव ते ऐकत होता, आणि जेवत होता.

रविवारी सकाळी यल्लाप्पा स्वतःच आला, पिशवी घेऊन. आप्पाजी स्टिअरिंगमागे, यल्लाप्पा डिकीत डोकं घालून, वासुदेवाच्या हातात टॉर्च.

"अण्णा, किल्ली फिरवा. काय दाखवतंय?"

"तुझं कर्तृत्व! तळ दाखवतंय."

यल्लाप्पानं टाकीवरची वायर काढून गाडीच्या पत्र्याला टेकवली. असं केलं की काटा थेट 'फुल'वर जायला हवा. तो सावकाश वर निघाला आणि मध्येच थांबला.

"निम्मा!" आप्पाजी ओरडले.

"म्हणजे माझा फ्लोट शहाणा आहे. चोर वायरीत आहे. वासू, टॉर्च नीट धर की रे."

मागची सीट काढून त्यानं ओट्यावर ठेवली आणि बोटानं वायर चाचपत गेला. एका ठिकाणी बोट थबकलं. काळी टेप, सुबक गुंडाळलेली, कडेला कात्रीनं सरळ कापलेली. मेकॅनिक टेप दातानं तोडतात. यल्लाप्पानं ती सोडवली, आतला दाणा पाहिला, मग वासुदेवाकडे पाहिलं. दाणा मुठीत घेतला आणि वायर पुन्हा जोडली.

"सापडलं, अण्णा! जोड ढिला राहिला होता. माझाच."

काटा टेचात वर चढला. "बघ! आता दुकानावर पाटी लाव," आप्पाजी खुशीत म्हणाले, "इथे जुन्या गाड्या बिघडवून मिळतील."

यल्लाप्पा हसला. जरा जास्तच मोठ्यानं. मग हात पुसत राहिला, एकच हात. दुसऱ्याची मूठ त्यानं उघडलीच नाही.

वासुदेवानं नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. पंधरा दिवस ते जमलं होतं.

"आप्पाजी, जोड ढिला नव्हता. मी केलं ते."

"काय?"

"तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही. म्हणून."

आप्पाजींनी यल्लाप्पाकडे पाहिलं. "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना, अण्णा."

आप्पाजींनी किल्ली फिरवून काढून घेतली. मग आप्पाजी हळू आवाजात म्हणाले, "तोंडावर सांगितलं असतंस तर ओरडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो. पण मी याला नावं ठेवत होतो, वासू, आणि तू शेजारी बसून भाकरी मोडत होतास."

ते खाली उतरले, गाडीला हात लावत लावत वळसा घालून डावीकडे बसले आणि किल्ली यल्लाप्पापुढे धरली.

"चल. नागराजच्या दारावरून घे. स्वल्प थांबव तिथं, मला त्याच्याशी बोलायचं आहे."

"आणि वासू?" यल्लाप्पानं विचारलं.

"त्याला बसायला जागा कुठं आहे?"

मागची सीट अजून ओट्यावरच होती. यल्लाप्पानं जाता जाता तो दाणा वासुदेवाच्या तळहातावर ठेवला आणि गाडी सुरू केली. वळणावर गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा इस्त्रीवाल्यानं विचारलं, "काय वासूअण्णा, झालं का काट्याचं काम?"

"झालं," वासुदेव म्हणाला. "यल्लाप्पाची चूक नव्हती." मग किराणावाल्यालाही तेच सांगायला तो रस्ता ओलांडून गेला.