हर्षालीची नोंद

प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं प्रभावतीबाईंनी अगदी शब्दशः पाळलं होतं, आणि नेमका तिथेच घोळ झाला.

प्रशिक्षण पिंपरीत होतं. फलकावर लिहिलं होतं, ‘शिक्षकांसाठी एआय आणि त्याचा जबाबदार वापर’. सकाळचे साहेब म्हणाले, एआयला घाबरू नका, ते तुमचं काम हलकं करायला आलंय. जेवणानंतरच्या मॅडम म्हणाल्या, एआयवर विश्वास टाकू नका, ते बेधडक खोटं बोलतं. बाईंना प्रश्न पडला, खोटं बोलणाऱ्या बाईला आपण भांड्यालासुद्धा ठेवत नाही, मग याला शाळेत कशाला आणायचं? पण हात वर केला की सगळं सभागृह वळून बघतं, म्हणून त्या गप्प राहिल्या. मॅडमच्या दोन गोष्टी मात्र त्यांनी गाठीला बांधून आणल्या. मुलांची माहिती एआयला द्यायची नाही, आणि जे येईल ते तपासल्याशिवाय वापरायचं नाही.

शाळेत सहामाहीच्या वर्णनात्मक नोंदींचा हंगाम होता. प्रत्येक मुलाबद्दल चार-चार वाक्यं लिहायची आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ती प्रगतिपत्रकातून पालकांच्या हाती द्यायची. आता या नोंदी जे कोणी मनापासून लिहीत असतील त्यांना आपला कोपरापासून नमस्कार. बाकीचे आपले तयार नोंदींच्या पुस्तिकेतून वाक्यं उतरवतात, बाईही इतकी वर्षं तेच करत आल्या होत्या. मुख्याध्यापक नानासाहेब म्हणाले, “बाई, प्रशिक्षण घेऊन आलात ना? मग यंदा एआयकडूनच होऊ द्या. शनिवारपर्यंत द्या म्हणजे झालं.”

बाई मोबाईल घेऊन बसल्या. मुलांची माहिती द्यायची नाही हे पक्कं. मग नाव कसं देणार? कोण कसं वाचतं, कोणाच्या घरी काय चालतं, तेही नको. हजेरी क्रमांक तेवढे दिले, आणि मुलगे कोण नि मुली कोण एवढं सांगितलं. एआयनं एका शब्दानं विचारलं नाही की बाई, ही मुलं आहेत तरी कशी. चहा निवायच्या आत त्यानं वर्गाच्या नोंदी हातात ठेवल्या, आणि त्याही अशा गोड की बाईंना आपल्याच वर्गाचं कौतुक वाटलं. मग चष्मा लावून त्यांनी सगळं तपासलं. म्हणजे शुद्धलेखन तपासलं. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली, आणि जबाबदार वापर झाला म्हणून समाधानानं सह्या ठोकल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकसभा झाली. सभा उठल्यावर दुसरीतल्या हर्षालीची आई मागे थांबली. पुनम तिचं नाव. माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं, नवरा चाकणच्या कंपनीत, राहायला पुनावळ्यात. तिनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवला.

“मॅडम, तुमचे लई उपकार झाले बघा. आमी घाबरून गेलो होतो.”

“कशाला गं?”

“पोरगी घरी कायच बोलंना. हाक मारली तर बघंना. शेजारच्या बाया म्हणायल्या, कान दाखवा. मोठ्या दवाखान्यात तपासणीची तारीख मिळाली होती, ह्यांनी शिफ्टपण बदलून घेतली. तेवढ्यात तुमचं प्रगतिपत्रक आलं. वर्गात मनमोकळेपणानं बोलते, सांगितलेलं लगेच समजून घेते. हे म्हणाले, मॅडम रोज बघायल्यात, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पोरगी घरीच नाटकं करायली. मग नाही गेलो दवाखान्यात.”

“असं... मी लिहिलंय?”

“तुमीच की. खाली सही हाय.”

बाईंच्या डोक्यात नुसता गुंता झाला. चूक नक्की कोणाची? काम हलकं करा म्हणणाऱ्या साहेबांची, माहिती देऊ नका म्हणणाऱ्या मॅडमची, की शनिवारची घाई करणाऱ्या नानासाहेबांची? आणि पुस्तिकेतही हेच वाक्य होतं की. दरवर्षी ते कोणाकोणाच्या नावापुढे उतरवलं, याचा त्यांना काही केल्या पत्ता लागेना, आणि त्या मनातून घाबरल्या. हर्षाली त्यांना दिसत होती. खिडकीजवळचा बाक, नीट वेणी, शेजारणीनं पुस्तक काढलं की मग हिनं काढायचं. शांत मूल कोणत्या मास्तरणीला आवडत नाही? बाईंनाही आवडायचं.

दारातून नानासाहेबांनी डोकावून खूण केली, आटपा म्हणून. “बघते मी तिच्याकडे” एवढं बोलून पुनमला वाटेला लावता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते.

“पुनम,” बाई म्हणाल्या, “ते मी लिहिलेलं नाही. एआयनं लिहिलं. मोबाईलमधलं असतं ते. त्याला हर्षाली ठाऊकच नाही गं. मी नुसती सही केली.”

पुनमला काही उमगलं नाही. ती कधी बाईंकडे बघे, कधी टेबलावरच्या मोबाईलकडे.

“त्याला नसंल ठाऊक,” ती म्हणाली, “पण तुमाला हाय ना? मग तुमी सांगा. बोलते का ती वर्गात?”

बाईंनी आठवून पाहिलं. हर्षालीचा आवाज कसा आहे? जाड की बारीक? कविता म्हणताना तिचे ओठ हलताना दिसत होते, पण त्यातून काही ऐकू आल्याचं आठवेना. जूनपासून हे लेकरू समोर बसतंय, आणि आपल्याला तिचा आवाज माहीत नाही, या विचारानं त्यांचा चेहरा उतरला.

बाहेर व्हरांड्यात मुलं आयांची वाट बघत खेळत होती. हर्षाली कठड्याला टेकून, पाठमोरी, मैदानाकडे बघत उभी होती. बाई उठून दारात गेल्या.

“हर्षाली,” त्यांनी हाक मारली.

मग अजून मोठ्यांदा मारली. व्हरांड्यातली सगळी पोरं खेळ सोडून बाईंकडे बघायला लागली. हर्षाली तेवढी मैदानाकडे बघत राहिली.

पुनम बाईंच्या मागे येऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

“मॅडम,” ती म्हणाली, “नाटकं करायली म्हणून मारलं हो मी तिला.”