दोन ठोके

आमच्या घरात तिघं जेवायला बसलो की अर्धा बस डेपो ताटावर बसतो. माझी आई कामगार संघटनेची सेक्रेटरी, नवरा वर्कशॉपमध्ये ब्रेकचा मेकॅनिक आणि मी ऑफिसात टायपिस्ट. मॅनेजर तेवढा बाहेरचा, आणि तोही आईला टरकून असतो. यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. आमच्या लग्नात तर एका कंडक्टरने माईक हिसकावून घेतला आणि याला म्हणतात एकत्र कुटुंब, असं भाषणच ठोकलं.

आईला सगळा डेपो मावशी म्हणतो. कुणावर चौकशी लागली की आई त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसते. पाण्याची बाटली पुढे सरकवते, हळूच सांगते, "जेवढं विचारलंय तेवढंच बोल." माणूस चोर असो की साव, आईने त्या खुर्चीला कधी नाही म्हटलेलं नाही. त्याचा तिला अभिमान आहे, आणि तो ती लपवतही नाही.

आमच्या डेपोची आणखी एक रीत आहे. गाडी दुरुस्त झाली की मेकॅनिक तिच्या पत्र्यावर पान्याने दोन ठोके देतो. रजिस्टर आहे, त्यात सह्याही होतात, पण त्या संध्याकाळी, सवडीने. ड्रायव्हर निघतो तो ठोक्यांवर. नवा मॅनेजर आला की ही पद्धत बंद करायचा हुकूम काढतो, आणि थोड्याच दिवसांत खिडकीतून तोच ओरडताना दिसतो, "अरे, ठोके पडले का?"

तर त्या सकाळी मौनीबाबाची छोटी बस शेवटच्या स्टॉपवर थांबलीच नाही. मौनीबाबा हा आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. बोललं की आयुष्य कमी होतं अशी बहुधा त्याची समजूत आहे. ब्रेक पार तळाला गेला आणि बस सरळ कंट्रोलरच्या केबिनमध्ये घुसली. प्रवासी आधीच्याच स्टॉपवर उतरले होते, आणि कंट्रोलर चहा घ्यायला गेला होता म्हणून वाचला. केबिनचा मात्र चुराडा झाला. मौनीबाबाने एवढंच सांगितलं, की मी ठोके ऐकले आणि गाडी काढली. नवऱ्याने जबाब लिहून दिला, की काम अर्धं होतं, ठोके दिलेच नव्हते. मग मौनीबाबावर आरोप ठेवला गेला, दुरुस्ती पुरी होण्याआधी गाडी बाहेर काढल्याचा. तो सिद्ध झाला तर मौनीबाबाची नोकरी जाणार होती, आणि तिच्याबरोबर पेन्शनही.

त्या रात्री नवरा जेवता जेवता थांबला.

"आई, ठोके मीच दिले होते."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

"ब्रेकच्या नळीतली हवा काढायची राहिली होती. तेवढ्यात गेटमध्ये एक गाडी अडकली, सुपरवायझर बोंबलायला लागला. मी उठलो आणि हात आपसूक पत्र्यावर गेला. सवयीने. परत येतोच म्हणून गेलो, येऊन बघतो तर गाडी नाही." मग त्याने आईकडे पाहिलं. "हे मी सासूबाईंना सांगतोय. सेक्रेटरीला नाही."

आईने त्याला तो डेपोत शिकाऊ म्हणून लागला तेव्हापासून पाहिलेलं. त्याच्यावर तिचा जीव आहे, माझ्यावर असेल त्याहून कांकणभर जास्तच. ती म्हणाली, "जेव आधी. बघू." आणि त्याला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मौनीबाबा युनियनच्या खोलीच्या दारात उभा. "मावशी, शेजारी बसाल ना?" आणि आई म्हणाली, "हे काय विचारणं झालं?"

डेपोत वाहवा सुरू झाली. सख्ख्या जावयाच्या विरुद्ध उभी राहतेय, याला म्हणतात मावशी! कॅन्टीनवाल्याने तिच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. आईने ते पुन्हा पुन्हा पुढे केले, पण चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला दिसलं, आणि माझं डोकं फिरलं.

घरी आल्यावर मी तिला भांडी घासताना गाठलं. "आई, मौनीबाबाच्या शेजारी दुसऱ्या डेपोच्या सेक्रेटरीला बसव."

"त्याला? त्याला स्वतःच्या डेपोचं गेट सापडत नाही. आणि मी मागे सरले तर लोक म्हणतील, जावयासाठी कच खाल्ली."

"आणि बसलीस तर?"

"तर मी मौनीबाबासाठी जीव तोडून भांडेन. माझं भांडण बघितलंयस ना तू?"

"आणि काल रात्री जे ऐकलंस, त्याचं काय?"

"ते घरातलं आहे. घरातलं घरात."

"म्हणजे त्याच्या बाजूने सगळं बोलणार, फक्त त्याला ज्याची गरज आहे तेवढं नाही बोलणार."

आईने कढई अशी घासली, की जणू कढईचाच काही गुन्हा असावा. "तुला टायपिंग येतं बाई. संघटना चालवणं वेगळं."

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला गप्प बसायचंच होतं. आईला उपदेश करायला माझी जीभ सैल होती, पण नवऱ्याला 'जाऊन खरं सांग' हे वाक्य मी एकदाही म्हटलं नव्हतं.

चौकशी अधिकारी मुख्य कार्यालयातून आले होते. सभ्य गृहस्थ, प्रत्येक वाक्य दोनदा वाचून घेणारे. त्यांच्यासमोर मौनीबाबा, त्याच्या शेजारी आई, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरवर मी. नवरा बाहेर बाकावर, त्याची पाळी नंतर होती. त्या खोलीत मी काय करतेय असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. चौकशी असली की टायपिंग मीच करते.

आईने सुरुवात झकास केली. मौनीबाबाच्या इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलेलं नाही, हे सांगितलं. रजिस्टरच्या सह्या संध्याकाळी होतात हे तिने मॅनेजरच्या तोंडून वदवून घेतलं, आणि मॅनेजरला कळलंही नाही. मी भराभर टाइप करत होते आणि मनात म्हणत होते, आपल्या आईला तोड नाही.

मग अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही म्हणता, ठोके ऐकले. मेकॅनिक म्हणतो, दिलेच नाहीत. तुमच्याशिवाय आणखी कुणाला माहीत आहे का, की ठोके पडले होते?"

मौनीबाबाने आईकडे पाहिलं. चौकशीला बसलेला माणूस अडला की तिच्याकडेच बघतो. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"बाई, तुम्हाला यावर काही सांगायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

आईने बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "नाही," ती म्हणाली.

मी टाइप केलं, 'नाही'. आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. नवरा वाचला, असं वाटलं.

तेव्हा मौनीबाबा बोलायला लागला. "साहेब, ठोके ऐकल्याशिवाय मी आजवर गाडी काढली नाही. त्या दिवशीही ऐकले होते, असं मला वाटत होतं. पण डेपोत काही झालं आणि मावशींना कळलं नाही, असं होत नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल, तर मग मलाच भास झाला असेल. वयही झालंय. लिहा तसं."

आई उभी राहिली.

"काही लिहू नका. साहेब, माझं मघाचं 'नाही' खोडा."

"खोडता येणार नाही, बाई."

"मग राहू दे. खाली लिहा. ठोके पडले होते. मी ते कानांनी ऐकलेले नाहीत, पण ज्याने दिले त्याच्या तोंडून माझ्या घरात ऐकलंय. तो माझा जावई आहे. मी या खुर्चीवर पहिल्या दिवसापासून बसायला नको होतं. मला साक्षीदार करा आणि यांच्या शेजारी दुसरं कुणीतरी बसवा."

अधिकारी मॅनेजरकडे वळले. "हे नातं मला कुणी सांगितलं नाही?"

"साहेब, सगळ्यांना माहीतच आहे की," मॅनेजर चाचरत म्हणाला.

मौनीबाबा आईकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त बाटली तिच्या बाजूला सरकवली, तिची होती म्हणून.

"टाइप केलंत का?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

माझी बोटं 'माझा जावई' इथपर्यंत येऊन थांबली होती. मी खुर्ची मागे सारली. "साहेब, हे टाइप करायला दुसरं कुणी बोलवा. मी या बाईंची मुलगी आहे. मेकॅनिक माझा नवरा आहे. आणि त्या जेवणाला मीही होते."

अधिकाऱ्यांनी डोक्याला हात लावला. चौकशी तिथेच थांबवली गेली.

बाहेर नवरा बाकावरून उठला. आमचे चेहरे बघून त्याचा चेहरा उतरला. आईने आडपडदा ठेवला नाही.

"मी आत सांगितलं. ठोके पडले होते म्हणून."

"मी घरात बोललो होतो, आई." त्याचा आवाज चढला नाही.

"हो. तेव्हाच तुला थांबवायला हवं होतं. ऐकून घेतलं, ते माझं चुकलं. आणि वर मौनीबाबाच्या शेजारी जाऊन बसले, तेही चुकलं."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "आता चौकशी माझ्यावर लागेल. मीही सभासद आहे. माझ्या शेजारी बसाल?"

"नाही," आई म्हणाली. त्या प्रश्नाला तिने दिलेलं हे उत्तर मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते देताना तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत. "दुसऱ्या डेपोच्या सेक्रेटरीला मी आत्ताच फोन करते. मौनीबाबाच्या शेजारी आपला खजिनदार बसेल, तुझ्या शेजारी तो. तो येईपर्यंत आत जायचं नाही."

"पण आई, ऐका तर. त्या दिवशी सुपरवायझरने मला..."

"त्याला सांग. मला नको."

तो माझ्याकडे वळला. सुपरवायझरने काय केलं, हे ऐकायला माझा जीव कासावीस झाला होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने सांगितलं आणि मी ऐकलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"मलाही नको," मी म्हणाले.

तो परत बाकावर बसला. एका बाजूला आई बसली, दुसऱ्या बाजूला मी. दुसऱ्या डेपोचा माणूस येईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसून होतो, आणि कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही.