बुडाचे सातशे

पाच तारखेला पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की माणिकबाई चष्मा लावून मोबाईलवरचं शीट उघडायच्या. पहिल्या चौकटीत आकडा टाकला की दोन हजार आपोआप बचतीच्या रकान्यात जायचे. उरलेल्यात पुढच्या चार तारखेपर्यंत महिना काढायचा. किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, दवाखाना, सणवार अशी सात खाती होती. खर्च लिहिला की शिल्लक आपली आपण कमी व्हायची आणि उरलेली पुढच्या महिन्यात जायची. शून्याच्या खाली गेली तर चौकट लाल.

शीट त्यांच्या लेकीनं, गीतांजलीनं करून दिलं होतं. ती अकोल्याला एका दुकानात हिशेब बघते. माघात माणिकबाईंचे यजमान किसनराव गेले, तेरावं झालं आणि ती म्हणाली, "आई, चाल माह्यासंग अकोल्याले."

"मी इथंच राह्यतो."

"एकटी? अर्ध्या पेन्शनीत?"

"भागते मले."

"मंग शर्त लाव. दिवाळीपर्यंत हे लाल नाही झालं तर मी तोंड उघडणार नाही. झालं, तर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

माणिकबाई बरं म्हणाल्या. त्या दिवसांत त्या सगळ्यालाच बरं म्हणत होत्या.

खरं तर माणिकबाईंना हिशेब नवा नव्हता. लग्न होऊन त्या अमरावतीत आल्या तेव्हा किसनरावांचा पगार तीनशे बारा रुपये होता. एक तारखेला ते पाकीट आधी देवापुढे ठेवायचे, हळदकुंकू लावायचे आणि मग माणिकबाईंच्या ओटीत टाकायचे. त्या ते वनस्पती तुपाच्या सात डब्यांत वाटून ठेवायच्या. दर्यापूरच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डबा खरवडला का घर खरवडलं, पोरी. बुडाशी एक रुपया राहू दे. तो मोजू नको, त्याले हात लावू नको." पगार वाढला तसा रुपयाचा पाच झाला, दहा झाला, पुढे शंभराची नोट झाली. किसनराव एकदा हसून म्हणाले होते, "तुह्या डब्यायपायी मी कधी श्रीमंत नाही झालो." पण हात त्यांनीही कधी लावला नाही.

चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असेच गेले. माणिकबाई सकाळी उठत, अर्धा लिटर दूध घेत, एका माणसाचा चहा करत. उरलेलं दूध संध्याकाळी फाटे, कधी शेजारची मांजर पिई. दुपारी त्या खर्च लिहीत. ते सोडून दिवसभरात काही घडत नसे. शीट एप्रिलपासून सुरू झालं होतं. चार मेला सहाशे दहा उरले, मग दोनशे चाळीस, मग पंच्याऐंशी. दोन ऑगस्टला गॅसचं सिलिंडर आलं. माणिकबाईंनी आकडा टाकला आणि चौकट लाल झाली. उणे चारशे तीस. त्यांनी मोबाईल उपडा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.

अकोल्यात गीतांजलीलाही ते शीट दिसत होतं. तिचा फोन आला.

"आई, लाल झालं."

"हो, पाह्यलं."

"उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती आली, जेवली आणि आईची पातळं बॅगेत भरू लागली. माणिकबाई खाटेवर बसून बघत होत्या. बॅगेची चेन लावून गीतांजली स्वयंपाकघरात शिरली आणि फळीवरचे डबे पुसायला खाली काढले. पहिल्याच डब्यात एका जुन्या नोटेवर शंभराच्या चार नव्या नोटा निघाल्या. दुसऱ्यातही चार.

"हे काय वं, आई?"

"बूड."

"सातही डब्यांत?"

"हो. दर महिन्याले एकेक टाकतो. आता एकटीनं राहाचं, म्हणून बूड थोडं जाड केलं."

"अन् शीटमंदी?"

"खर्चात लेहलं. त्या त्या खात्यात."

"आई, हा खर्च नाही झाला. पैसे घरातच आहेत."

"हातचे गेले ते खर्चच ना."

गीतांजली कपाळाला हात लावून हसली. "त्या फॉर्म्युल्याले काय मालूम तुहे डबे?" तिनं तिथंच बसून चारही महिन्यांतून सातशे-सातशे कमी केले. चौकटीचा लाल रंग गेला. दोन हजार तीनशे सत्तर शिल्लक. मग ती हळूच म्हणाली, "तू जिंकली. राह्य इथं. मी काही म्हणत नाही."

माणिकबाईंनी मोबाईल हातात घेतला. आता बरं वाटेल म्हणून थांबल्या. काही वाटलं नाही. दूधवाला आला की दार उघडायचं, चहा करायचा, दूध फाटलं की फेकायचं, पाच तारखेला डब्यात नोट टाकायची. सणाच्या डब्यालाही त्यांनी बूड ठेवलं होतं आणि तेराव्यानंतर त्या घरात एक पाहुणा जेवला नव्हता.

"गीता, होतं तसं कर ते."

"काहून?"

"बूड मोजत नसतात. मोजलं का ते बूड नाही राह्यत."

"मंग पुन्हा लाल होते, आई."

"होऊ दे."

"लाल झालं तर तुले यावं लागन."

"मले समजते ते."

गीतांजलीनं आईकडे पाहिलं आणि आकडे पहिल्यासारखे केले. माणिकबाईंनी प्रत्येक डब्यात जुनी नोट आणि तिच्यावर एक नवी परत ठेवली आणि झाकणं दाबून डबे फळीवर चढवले. बंद घरातही डबा रिकामा सोडू नये. उरलेल्या एकवीस नोटा त्यांनी रुमालात बांधल्या.

"तुह्या घरी डबे किती आहेत?"

"बरण्या आहेत. प्लास्टिकच्या. आरपार दिसते."

"चालते. झाकण घट्ट पाह्यजे."

मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी मिळाली. बडनेरा गेल्यावर माणिकबाईंनी पिशवीतून तिकीट काढलं, बायकांचं अर्धं, पंच्याऐंशीचं. मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्या आकडा टाकू लागल्या. लाल चौकटीतले चारशे तीस पाचशे पंधरा झाले.

"आता कायले लेहून राहिली, आई? संपलं ना ते."

"पाच तारीख व्हायची आहे अजून," माणिकबाई म्हणाल्या आणि तिकीट घडी करून रुमालात ठेवलं.