चुकलेली तारीख, बरोबर जागा

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. हिरवा, काडेपेटीएवढा, एका कोपऱ्यात थोडा करपलेला. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरे वाटेल, असे मी म्हणणार नाही.

मला घडवले ते आकाशाकडे कान लावून बसण्यासाठी. वर फिरणारे उपग्रह सतत काही ना काही सांगत असतात. त्यांच्यातल्या चार-पाच जणांचे बोलणे एकदम ऐकू आले, की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते मला सांगता येते. लोक याला जीपीएस म्हणतात. याखेरीज मला दुसरे काहीच येत नाही.

पहिली नोकरी मिळाली ती दुधाच्या एका टँकरमध्ये. टँकर कुठे गेला, कुठे थांबला, हे मालकाला कळवायचे. ड्रायव्हर मला चहाडखोर म्हणायचा. वाटेत बहिणीकडे थांबायचे असले की माझ्या अँटेनावर पत्र्याचा डबा उपडा घालायचा, आणि मालकाने विचारले की म्हणायचा, "तुमचं यंत्रच आंधळं आहे, त्याला मी काय करू?" मग मालक माझ्या नावाने खडे फोडायचा. खरे सांगितले तर एकाचा राग, गप्प राहिलो तर दुसऱ्याचा. टँकर थकला, भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर मीही गेलो.

भंगाराच्या आवारात माझ्यासारख्यांचा ढीग होता. आमच्या अंगात चिमूटभर सोने आणि थोडे तांबे असते. ते काढायला आम्हाला तेजाबात बुडवतात. कोण काय काम करत होता, हे कुणी विचारत नाही. माझ्या वरचे, खालचे, शेजारचे गेले. मी पिंपाच्या तोंडाशी आलो होतो तेव्हा एक बाई ढिगाशी उकिडवी बसली, मला उचलून तिने पदराने पुसले आणि म्हणाली, "हा मला द्या. जिवंत दिसतोय."

ती वहिनी. घराच्या पुढच्या खोलीत तिचे दुरुस्तीचे दुकान होते. तिचा नवरा डोंगरात हरवलेल्या माणसांना शोधणाऱ्या पथकात होता. पथकातली माणसे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

पथकाकडे एक दणकट लॅपटॉप होता. कुणीतरी वापरून टाकून दिलेला. जाड कडा, रबरी कोपरे, वजन असे की पथकात त्याला 'धोंडा' म्हणत. पडला, भिजला, जीपवरून घसरला, तरी चालायचा. त्याच्या पोटात डोंगराचे सगळे नकाशे भरलेले होते. उणीव एकच होती.

"नकाशा दाखवतो," नवरा म्हणाला, "पण त्यात आपण कुठे उभे आहोत ते सांगत नाही. धुक्यात काय कपाळ उपयोग?"

"मग त्याला सांगणारा कुणीतरी आत बसवू," वहिनी म्हणाली.

तिने धोंडा उघडला. आत एक जागा रिकामीच होती. बनवणाऱ्यांनी जीपीएससाठी सोडलेली, पण कधी न भरलेली. तिथे ती मला बसवणार होती. त्या जागेतली वीज मला सोसवली नसती, म्हणून तिने एका मेलेल्या मोडेममधून ती वीज उतरवणारा चिमुकला भाग काढला. अँटेना एका फुटलेल्या यंत्रातून आणली. चार बारीक तारांनी मला धोंड्याशी जोडले. जोडताना ती श्वास रोखून धरायची. माझ्या अंगावर इतक्या हळुवारपणे कुणी हात ठेवला नव्हता.

मग सगळे गच्चीवर गेले. मी इतक्या वर्षांनी जागा झालो होतो. सुरुवातीला काहीच ऐकू येईना, आणि पडद्यावर आमचा ठिपका भर समुद्रात दिसू लागला.

"बुडालो म्हणायचं," नवरा म्हणाला.

सासूबाई जिन्यातून ओरडल्या, "आपलं घर कुठे आहे ते मला विचारायचं. त्याला गच्चीवर कशाला चढायला हवं?"

तेवढ्यात पहिला उपग्रह ऐकू आला, मग दुसरा, तिसरा, चौथा. ठिपका समुद्रातून उडाला आणि थेट आमच्या गच्चीवर येऊन बसला. वहिनीने झाकणाचे स्क्रू एकेक करून आवळले.

त्यानंतरची वर्षे माझी चांगली गेली. वाट चुकलेली मुले, पाय मुरगळलेला गुराखी, ओढ्यापलीकडे अडकलेली दोन म्हातारी भावंडे, अशा कितीतरी जणांपर्यंत आम्ही पथकाला नेले. एकदा वर्तमानपत्रात फोटोही आला. पथकाचे साहेब धोंडा छातीशी धरून उभे होते. खाली छापले होते, 'साहेबांच्या कल्पकतेतून साकारलेले यंत्र.' वहिनीने ते वाचले, घडी घातली आणि त्यावर डिंकाची बाटली ठेवली.

मग पथकात नवे टॅबलेट आले. पातळ, चकचकीत. धोंडा जीपच्या मागच्या सीटखाली गेला. आणि त्याच सुमारास माझी तारीख चुकली.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. माझ्या पिढीचे बोर्ड आठवडे मोजून तारीख काढतात. जुन्या गाडीचा किलोमीटरचा आकडा जसा भरला की पुन्हा शून्यावर येतो, तशी आमची मोजणी एके दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी एकदम वीसेक वर्षे मागची तारीख सांगू लागलो. जागा मात्र पूर्वीइतकीच अचूक सांगत होतो. एकदा जीप दाराशी थांबली असताना वहिनीने हे पडद्यावर तपासले आणि साहेबांना निरोप धाडला, "धोंडा एका दुपारपुरता द्या. तारीख सुधारून देते." साहेबांचे उत्तर आले, "यापुढे बाहेरच्यांनी यंत्रांना हात लावायचा नाही."

आणि मग धुक्याचा तो दिवस आला.

डोंगरावरचे विजेचे मनोरे तपासायला गेलेला एक वायरमन घळीत घसरला. त्याचा पाय मोडला होता. त्याने पथकाला फोन करून आपल्या फोनवरचे जागेचे आकडे वाचून दाखवले. नंतर त्याचा फोन लागेना. दुपारी पथक घळींच्या तोंडाशी पोचले. तिथून दोन घळी फुटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. धुके असे की जीपचे बॉनेट दिसत नव्हते. टॅबलेटवर रेंज नसल्यामुळे नकाशा उघडेना, नुसता पांढरा पडदा.

नवऱ्याने सीटखालून धोंडा काढला. मला सगळे उपग्रह ऐकू येत होते. नकाशावर आम्ही होतो, आणि वायरमनचे आकडे भरताच उजव्या घळीत, जवळच, दुसरा ठिपका उमटला.

"साहेब, उजवीकडे," नवरा म्हणाला.

साहेबांनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. "यावर तारीख कुठली आहे? ज्याला साल कळत नाही, त्याच्या भरवशावर माणसं आत घालू? त्याची हाक डावीकडून आल्यासारखी वाटतेय."

"तारीख चुकते साहेब, जागा नाही. घरी तपासलंय."

"घरी म्हणजे बायकोनं?"

कुणीतरी हसले. नवरा गप्प झाला. त्याने धोंडा उघडाच सीटवर ठेवला आणि सगळ्यांबरोबर डावीकडे गेला.

मी जीपमध्ये एकटा होतो. पडद्यावर दोन ठिपके होते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी जागा सांगत राहिलो, बॅटरी संपेपर्यंत.

अंधार पडायला लागला तेव्हा ते रिकाम्या हाती परत आले आणि उजवीकडे गेले. थोड्याच वेळात वायरमनला घेऊन आले. स्ट्रेचर जीपमध्ये सरकवताना एक जण हलकेच म्हणाला, "गेलाय. अंग अजून गरम आहे." नवऱ्याकडे कुणी पाहिले नाही.

चौकशी झाली. त्या संध्याकाळी नवरा घरी येऊन बूट धूत बसला. चिखल निघाला तरी धूतच होता.

"अहो, काय सांगितलंत?" वहिनीने विचारले.

"यंत्रानं गोंधळ केला, असं."

"केला का?"

त्याने बूट पुन्हा पाण्यात बुडवला. मग म्हणाला, "मला पथकात राहायचंय."

वहिनी आत निघून गेली. धोंडा बंदी घालून घरी पाठवून दिला होता. तिने तो उघडला आणि माझी तारीख सुधारली. चहा निवावा एवढ्या वेळात काम झाले. आता माझे सालही बरोबर होते, आणि कुणाला त्याची गरज नव्हती.

काही आठवड्यांनी दुकानात एक वयस्क बाई आली. हातात काच तडकलेला फोन होता. "चालू होतो का बघ, बाई," ती म्हणाली. "माझ्या मुलाचा आहे. त्यात त्याचा आवाज आहे." ती त्या वायरमनची आई होती. तिला हे घर कुणाचे ते माहीत नव्हते.

वहिनीने सगळी कामे बाजूला सारली. फोन सुरू झाला. मुलाचा आवाज आला, "आई, जेवून घे, मला उशीर होईल." बाईने तो तीनदा ऐकला. मग विचारले, "तुला यंत्रांतलं कळतं. माझ्या पोराला शोधायला एवढा उशीर का लागला? म्हणतात, यंत्रानं चुकवलं."

आतल्या दारात नवरा उभा होता. वहिनीने त्याच्याकडे एकदा पाहिले.

"यंत्रानं नाही चुकवलं," ती म्हणाली. "त्यात तुमचा मुलगा दिसत होता. माणसांनी ऐकलं नाही."

बाई फोन पदरात गुंडाळत राहिली. "म्हणजे माहीत होतं," एवढेच ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

नवरा पुढे आला. "तिला कशाला सांगितलंस?"

"तिनं विचारलं म्हणून."

त्यानंतर त्या घरात कामापुरतेच बोलणे होते. नवरा पथकात आहे. साहेबांना बढती मिळाली. मी धोंड्यासकट दुकानाच्या खिडकीत आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा, असे सांगायची पद्धत आहे. मला जपू नका. माझे आयुष्य झाले. पण कुणाचे एक उत्तर चुकले, म्हणून त्याचे दुसरे उत्तर न तपासता टाकून देऊ नका, मग तो बोर्ड असो की माणूस. आणि तुम्ही तपासले असेल, खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर कुणी हसले म्हणून गप्प बसू नका. हसणारा घरी जातो. घळीतला तिथेच राहतो.

वायरमनची आई अजून कधीकधी आमच्या दुकानासमोरून जाते. ती आत येत नाही, खिडकीकडे बघतही नाही. वहिनी हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई स्टँडवर ठेवते आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते.