लडकूशेठांची अखंड ज्योत

पळसदरीच्या अलीकडे लडकूशेठांनी विद्यापीठ काढलं आणि उद्घाटनाआधीच ते गेले. त्यांच्या मुलांनी मुख्य इमारतीत त्यांचा पुतळा बसवला, पुढे विजेची अखंड ज्योत लावली. घाईघाईत वायरमन पोशाने ज्योतीची वायर जवळच्या बोर्डाला जोडली. त्याच बोर्डावर तिन्ही मजल्यांच्या व्हरांड्यांचे दिवे होते, बटण एकच. ज्योत विझवायची नाही, म्हणून व्हरांडे भर दुपारी लग्नघरासारखे उजळलेले. वीज गेली की ज्योतीसाठी जनरेटर सुरू होई आणि सगळा उजेड डिझेलवर चाले.

ऐनकर सर तिथे कंत्राटावर भौतिकशास्त्र शिकवत. ऊर्जाबचत समितीही तेच, कारण बाकीचे सभासद शहाणे होते. कुलसचिवांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की विजेचा वापर उतरला तर जूनमध्ये कायम करू. नाहीतर दुसरा माणूस बघू.

सरांनी वर्गावर्गात 'दिवे बंद करा' चिकटवलं. विद्यार्थ्यांनी केलेही. वापर उतरला नाही. मग बोर्डाचा शोध लागला. वायर वेगळी करायला पोशाला फार वेळ लागणार नव्हता, पण तेवढा वेळ ज्योत विझणार होती, आणि हे पाप तो घ्यायला तयार नव्हता. कुलसचिवांनी कुलगुरूंकडे बोट दाखवलं, कुलगुरूंनी विश्वस्तांकडे, म्हणजे शेठांच्या मुलांकडे. सरांनी तेवढ्या वेळापुरतं निरांजन लावायचं सुचवलं. ते विश्वस्तांना फार आवडलं. लगेच निरांजन आलं, ते उठून दिसावं म्हणून वर एक फोकसही आला. ज्योतीचं मात्र आईला विचारा, ती हो म्हणाली तर आजच करा, म्हणाले.

म्हणून सर दहिवलीला शेठांच्या बायकोकडे, सुनंदाकाकींकडे गेले. चहा झाला. नोकरीचं सांगून झालं. मग सरांनी घरून घोकून आणलेलं वाक्य टाकलं.

"काकी, शेठ असते तर त्यांनी स्वतःच दिवे बंद केले असते."

"त्येच तर करायचे," काकी म्हणाल्या. "मी जेवाया बसले का दिवा बंद. घास काय तोंडाचा रस्ता चुकतोय का, म्हनायचे. आख्खा संसार अंधारात जेवले मी, सर. आता जळू दे त्यांच्या डोळ्यांपुढं."

"पण काकी, माझी नोकरी..."

"नोकरी दुसरी गावंल तुमाला. त्यांच्यापुढं दिवा जाळाया मला दुसरा जलम हाय का?"

सर उठले. काकी दारापर्यंत आल्या आणि त्यांनी पायरीवरचा दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय," सर म्हणाले आणि चपला शोधू लागले.